मातंग, पतंग आणि सामाईक अत्तर

भारतीय वैराग्यपर वाङ्मयात पाच प्राण्यांची एक यादी शतकानुशतके फिरत आली असून, एकेका इंद्रियाच्या नादी लागलेल्या जीवाचा शेवट कसा होतो हे सांगण्यासाठी कीर्तनकारांपासून प्रवचनकारांपर्यंत सर्वांनी तिचा मनसोक्त उपयोग केला आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत ही यादी एका श्लोकात येते आणि तिच्यात कुरंग म्हणजे हरिण, मातंग म्हणजे हत्ती, पतंग, मीन म्हणजे मासा आणि भृंग म्हणजे भुंगा अशी मंडळी एका समासात दाटीवाटीने बसवलेली आढळतात. हरिण पारध्याच्या गाण्याला भुलते, हत्ती हत्तिणीच्या स्पर्शाला, पतंग दिव्याच्या रूपाला, मासा गळाच्या आमिषाला आणि भुंगा फुलाच्या वासाला, असे हे खातेवाटप आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांतही हत्ती आणि पतंग आहेत. आणि त्याच स्कंधावरील आपली मराठी टीका एकनाथांनी १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केल्यामुळे या दोन गुरूंची ओळख मराठी मुलखातील सप्ताहाच्या मांडवापर्यंत पोचली. मातंगाला पतंगाशेजारीच का बसवले, याचे कारण मात्र तत्त्वज्ञानापेक्षा यमकात असावे असा दाट संशय येतो, कारण या दोघांत दुसरे काही साम्य आहे असे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही येण्याचे कारण नव्हते.

ते साम्य १९९६ मध्ये उघडकीस आले, आणि ते हत्तिणीच्या मूत्रात होते.

त्या शोधाकडे वळण्यापूर्वी दोन्ही पक्षांची रीतसर ओळख करून देणे आवश्यक आहे. पहिला पक्ष म्हणजे आशियाई हत्ती, ज्याला लिनियसने १७५८ मध्ये एलिफस मॅक्सिमस असे नाव दिले. मॅक्सिमस म्हणजे सर्वांत मोठा. आफ्रिकेतील गवताळ प्रदेशाचा हत्ती याच्याहून मोठा असतो ही गोष्ट पुढे सर्वमान्य झाली, तरी एकदा दिलेली पदवी परत घेण्याची पद्धत प्राण्यांच्या नामकरणशास्त्रात नसल्यामुळे आशियाई हत्ती आजही त्या पदवीनिशी वावरतो. दुसरा पक्ष म्हणजे ट्रायकोप्लुसिया नी या नावाचा, तपकिरी करड्या रंगाचा, पंख पसरले तरी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरणारा पतंग होय. त्याच्या पुढच्या पंखावर एक रुपेरी खूण असते आणि ती ग्रीक लिपीतील नी या अक्षरासारखी दिसते म्हणून त्याचे नाव नी. म्हणजे एकाला बिरुद मिळाले आणि दुसऱ्याच्या वाट्याला एक अक्षर आले.

या पतंगाच्या बालपणाविषयी कोबी लावणाऱ्या शेतकऱ्याला शास्त्रज्ञाइतकीच माहिती असते, कारण त्याची हिरवी अळी कोबीच्या पानांची चाळण करते. अळीच्या शरीराच्या मधल्या भागात पायांच्या काही जोड्या नसल्यामुळे तिला सरळ सरपटता येत नाही; मागचे पाय पुढच्या पायांजवळ आणताना तिच्या पाठीला उंच बाक येतो, आणि त्या बाकावरून मराठी शेतकऱ्याने अशा चालीच्या अळ्यांना उंटअळी हे नाव दिले आहे. हत्तीशी ज्याचे नाते जुळायचे आहे त्या जीवाने लहानपणी उंट म्हणून ओळखले जावे, हा योग कोणत्याही शास्त्रज्ञाने जुळवून आणलेला नाही.

अशा दोन प्राण्यांची तुलना करताना प्रथम मापे घेण्याचा मोह होतो आणि तो लगेच आवरावा लागतो. पूर्ण वाढलेला नर हत्ती सुमारे चार टनांचा असतो, तर पतंगाचे वजन सोनाराच्या काट्यावरही संकोचाने उमटेल. हत्ती साठ वर्षे जगू शकतो, पतंगाचे प्रौढ आयुष्य दहा-बारा दिवसांत आटोपते. हत्तिणीला वीस-बावीस महिन्यांनी एक पिल्लू होते. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास महिन्याभरात पुरा होत असल्यामुळे, हत्तीण गरोदर राहिली त्या रात्री कोबीवर घातलेल्या अंड्याचे वंशज ती बाळंत होईपर्यंत विसाव्या पिढीत पोचलेले असतात आणि त्यांतील कोणालाही आपल्या मूळ पुरुषाविषयी आस्था नसते. अशा तुलनेतून मोठा तो मोठा आणि लहान तो लहान यापलीकडे काही हाती लागत नाही, आणि तेवढे सांगायला तुलनेची गरजही नसते.

अमेरिकेतील ओरेगन राज्यात काम करणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञ एल. ई. एल. रॅसमुसेन यांनी वेगळा प्रश्न हाती घेतला होता. हत्तीण माजावर आली आहे हे नर हत्तीला तिच्या मूत्रावरून कळते, ही गोष्ट हत्ती पाळणाऱ्यांना ठाऊक होती; परंतु मूत्रातील नेमका कोणता पदार्थ ही वार्ता देतो, हे सांगता येत नव्हते. वर्षानुवर्षे मूत्र गोळा करायचे, त्याचे घटक वेगळे काढायचे, एकेक घटक हत्तीपुढे ठेवायचा आणि हत्तीच्या प्रतिसादावरून पुढची दिशा ठरवायची, असा हा उद्योग होता. ज्यात परीक्षकाचे वजन चार टन असते आणि तो कंटाळला तर निघून जातो, अशा परीक्षा विद्यापीठांत फारशा होत नाहीत. अखेर जो पदार्थ हाती आला त्याची ओळख पटवणाऱ्यांत कॉर्नेल विद्यापीठातील वेंडेल रोएलोफ्स हेही होते, आणि रोएलोफ्स यांचे आयुष्य हत्तींत नव्हे, तर पतंगांच्या गंधांचा अभ्यास करण्यात गेले होते. फेब्रुवारी १९९६ मध्ये नेचर या नियतकालिकात या मंडळींचा जो छोटा लेख प्रसिद्ध झाला त्याचा विषयच मुळी कीटकांचा कामगंध हत्तीत सापडल्याचा होता.

कामगंध म्हणजे एका जीवाने शरीराबाहेर सोडलेले आणि त्याच जातीच्या दुसऱ्या जीवाच्या वागण्यावर परिणाम करणारे, मीलनाचे निमंत्रण देणारे रसायन होय. फेरोमोन या व्यापक संज्ञेतला हा एक प्रकार असून, ती संज्ञा १९५९ मध्ये रूढ झाली. त्याच वर्षी जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाच्या मादीचा गंध ओळखून दाखवला होता आणि त्यासाठी त्यांना सुमारे वीस वर्षे व पाच लाख माद्या लागल्या होत्या. हत्तिणीच्या बाबतीत एवढ्या संख्येची आवश्यकता पडली नाही, हे सर्वांच्याच दृष्टीने बरे झाले.

सापडलेल्या रसायनाचे नाव झी-७-डोडेसीन-१-इल अ‍ॅसिटेट असे आहे, आणि ते उच्चारताना दम लागला तरी त्याचा अर्थ सरळ आहे. डोडेसीन म्हणजे कार्बनच्या बारा अणूंची साखळी. सात म्हणजे त्या साखळीत सातव्या कार्बनपाशी एक दुहेरी बंध आहे. अ‍ॅसिटेट म्हणजे टोकाला व्हिनेगरच्या आम्लापासून आलेला एक गट जोडलेला आहे. उरलेले झी हे अक्षर एकत्र या अर्थाच्या एका जर्मन शब्दाचे आद्याक्षर असून, दुहेरी बंधापाशी साखळीचे दोन्ही भाग एकाच बाजूला आहेत एवढेच ते सांगते. ज्या रसायनाचे कार्य दोघांना एकत्र आणण्याचे आहे त्याच्या नावाचे पहिले अक्षरच एकत्र असे म्हणते. रसायनशास्त्राच्या नामकरण समित्यांनी अजाणता केलेल्या काव्याची उदाहरणे थोडी आहेत, त्यांत याची गणना करावी लागेल. हेच रसायन नीच्या मादीच्या गंधाचा मुख्य घटक आहे, आणि तिच्याखेरीज शंभराहून अधिक जातींच्या पतंगांच्या माद्याही ते कमीअधिक प्रमाणात वापरतात.

हत्तीचे आणि पतंगाचे समान पूर्वज शोधायचे तर पन्नास कोटी वर्षांहून मागे, समुद्रातल्या एखाद्या कृमिसदृश जीवापर्यंत जावे लागते, आणि हा गंध त्या पूर्वजाकडून वारसाहक्काने दोन्ही शाखांकडे आला असे कोणी मानत नाही. सातबाऱ्यावर सामाईक विहिरीची नोंद असावी तसा हा प्रकार नाही. दोघांनी आपापल्या शेतात स्वतंत्रपणे विहीर खणली आणि दोघांनाही त्याच चवीचे पाणी लागले, असा आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या वंशांना एकाच गरजेपोटी एकच युक्ती सुचणे याला जीवशास्त्रात अभिसारी उत्क्रांती म्हणतात. परिभाषा ठरवणाऱ्यांनी हा शब्द भिंगांच्या शास्त्रातून उचलला असावा. परंतु अभिसार या शब्दाचा काव्यशास्त्रातील अर्थ संकेतस्थळी प्रियजनाला भेटायला जाणे असा असल्यामुळे, येथे परिभाषा आणि प्रकार यांचा इतका नेमका मेळ बसला आहे की तो केवळ योगायोग म्हणून सोडून देणे जिवावर येते. काव्यशास्त्राच्याच काटेकोरपणाने पाहिले तर मात्र हत्तीण आणि पतंगाची मादी या दोघीही अभिसारिका ठरत नाहीत, कारण दोघीही स्वतः कोठे जात नाहीत. सज्ज होऊन प्रियकराची वाट पाहणाऱ्या नायिकेला वासकसज्जा म्हणतात, तो त्यांचा वर्ग होय. त्या संज्ञेतील वास म्हणजे निवासस्थान, हे खरे असले तरी मराठी वाचकाने दुसरा अर्थ घेतल्यास या प्रकरणापुरते तरी त्याला चूक म्हणता येणार नाही.

वासकसज्जांच्या पद्धती मात्र भिन्न आहेत. पतंगाची मादी रात्री पानावर बसून पोटाच्या टोकाची ग्रंथी बाहेर काढते आणि एका ग्रॅमच्या अब्जांश भागात मोजावी लागेल एवढी मात्रा वाऱ्यावर सोडते. कीटकशास्त्रज्ञ याला साद घालणे म्हणतात, जरी त्यात आवाज काहीच नसतो. वारा ज्या दिशेने वाहतो त्या बाजूला असलेल्या नराच्या मिशांना, म्हणजे शृंगिकांना, या गंधाचे कण लागले की तो वाऱ्याविरुद्ध नागमोडी उडत सुटतो. गंधाची रेघ हरवली तर आडवा भिरभिरतो आणि सापडली की पुन्हा पुढे सरकतो. आयुष्य दहा दिवसांचे असल्यामुळे स्थळाची चौकशी, पत्रिका आणि मानपान यांना त्यात जागा नाही.

हत्तींकडे सगळे सावकाश चालते. हत्तिणी आपल्या लेकीबाळींसह कळपात राहतात, प्रौढ नर बहुतेक वेळ वेगळे हिंडतात, आणि हत्तिणीचे ऋतुचक्र सुमारे सोळा आठवड्यांचे असून त्यात गर्भधारणेस योग्य असे दिवस अगदी मोजके असतात. त्यातही तिच्या शरीरात बीजमोचन घडवणाऱ्या संप्रेरकाची लाट एका चक्रात दोनदा येते. पहिल्या लाटेतून काहीच निष्पन्न होत नाही, आणि सुमारे तीन आठवड्यांनी आलेली दुसरी लाट खरे कार्य पार पाडते. साखरपुडा आणि लग्न यांत तीन आठवडे ठेवण्याची ही व्यवस्था कोणत्या हेतूने झाली असावी याविषयी मंगल कार्यालयवाल्यांचे मत विचारण्यासारखे आहे. या सर्व काळात मूत्रातील त्या बारा कार्बनी रसायनाचे प्रमाण वाढत जाते आणि मुहूर्ताच्या सुमारास ते कळसाला पोचते, त्यामुळे एखाद्या रानवाटेवरील ओली जागा ही हत्तींच्या समाजात वधूवरसूचक मंडळाच्या फलकाचे काम करते.

तो फलक वाचण्याची रीतही तशीच भारदस्त आहे. नर हत्ती सोंडेचे टोक त्या ओल्या जागेवर टेकवतो, मग सोंड वळवून ते टोक तोंडात नेतो आणि टाळूवरील दोन छिद्रांना लावतो. ही छिद्रे जेकबसनचे इंद्रिय या नावाच्या, वासाचीच परंतु वेगळी कचेरी असलेल्या अवयवाकडे जातात. सोंडेला मुळात वासाचे काही कमी नसते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकी हत्तीच्या शरीरात वास ओळखणारी सुमारे १,९५० कार्यक्षम जनुके मोजली गेली, तर कुत्र्यात ती सुमारे ८१० आणि माणसात सुमारे ४०० भरली. अशा नाकाच्या धन्यानेही महत्त्वाचा मजकूर एकदा नाकाने आणि एकदा टाळूने, असा दोन कचेऱ्यांतून तपासून घ्यावा, यातून लग्नाच्या बाबतीत हत्ती किती सावध असतो याची कल्पना येते. प्रयोगशाळेत तयार केलेले तेच रसायन पुढे ठेवल्यावरही नरांनी हीच तपासणी केली, आणि शोध पक्का झाला.

येथे कोणत्याही जिज्ञासू वाचकाच्या मनात एक शंका येईल, आणि ती विचारण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही: पत्ता एकच असेल तर पत्रे चुकीच्या घरी जात नाहीत काय? हत्तीच्या बाजूने भीती नाही, कारण पतंगाच्या मादीने सोडलेली मात्रा इतकी नगण्य असते की ती सोंडेपर्यंत पोचण्याचा संभव जवळजवळ नाहीच. पतंगाच्या बाजूने धोका अधिक दिसतो, कारण हत्तिणीच्या मूत्रात त्या रसायनाचा, पतंगाच्या हिशेबाने, समुद्रच असतो. परंतु पतंगांचा कामगंध सहसा एकाच रसायनाचा नसतो. नीच्या मादीच्या गंधात सहा घटक असतात आणि त्यांचे प्रमाण ठरलेले असते. इतर जाती यांतलेच काही घटक घेऊन, काही वगळून, काही नवे घालून आपापले मिश्रण करतात. दगडफूल दोन घरच्या मसाल्यांत असते म्हणून एका घरच्या आमटीचा वास दुसऱ्या घरच्या आमटीसारखा येत नाही, हे स्वयंपाकघरातले तत्त्व पतंगाला जन्मतः कळते. हत्तिणीकडे नुसते दगडफूल आहे.

पाच प्राण्यांच्या त्या जुन्या यादीत सर्वांत मोठा अन्याय भुंग्यावर झाला, कारण वासाचे खाते एकट्याच्या नावावर चढवून त्यालाच अपराधी ठरवण्यात आले. वस्तुतः संस्कृत कवींनीच त्याच्या बाजूचा पुरावा नोंदवून ठेवला होता. मदोन्मत्त हत्तीच्या गंडस्थळातून, म्हणजे डोळा आणि कान यांच्यामधल्या ग्रंथीतून, मद पाझरतो आणि त्याच्या सुवासाने भुंग्यांचे थवे तेथे घोंगावतात, हे वर्णन महाकाव्यांपासून गणेशस्तुतींपर्यंत इतके रुळले आहे की वाचकाने त्याकडे अलंकार म्हणून पाहायचे असते. रॅसमुसेन यांनी तमिळनाडूतील हत्तींचे डॉक्टर व्ही. कृष्णमूर्ती आणि एका अमेरिकी सहकाऱ्याबरोबर २००२ मध्ये दाखवून दिले की पहिल्यावहिल्या मदात आलेल्या तरुण हत्तींचा मद खरोखरच मधासारखा गोड वासाचा असतो, आणि वय वाढले की त्याला उग्र दर्प येऊ लागतो. कवी अतिशयोक्ती करीत नव्हते. ते फक्त तरुण हत्ती निवडून वर्णन करीत होते, आणि ही निवड कवींनी केवळ हत्तींपुरती ठेवलेली नाही. प्रौढ हत्तीच्या दर्पातील एक ठळक घटक फ्रॉन्टालिन हा आहे, आणि तो पाइनच्या सालीखाली राहणारे भुंगेरे आपल्या भाईबंदांना गोळा करण्यासाठी वापरतात. म्हणजे मादीने पतंगाचे अत्तर लावले आणि नराने भुंगेऱ्याचे. चार टनांच्या कुटुंबात शृंगाराचे सगळे साहित्य कीटकांच्या दुकानासारखे.

पतंगाचे रूपाचे खातेही आता वादात सापडले आहे. दिव्यावर झडप घालून प्राण देणारा प्रेमी म्हणून त्याची ख्याती. परंतु वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार उडणारे कीटक रात्रीच्या दिव्याला आकाश समजतात आणि आकाशाकडे जशी पाठ ठेवायची तशी ती दिव्याकडे ठेवण्याच्या खटपटीत त्याच्याभोवती अडकून पडतात. ज्या ज्योतीसाठी पतंग जीव टाकतो असे शायरांनी सांगितले, तिच्याकडे तो शब्दशः पाठ फिरवून असतो. त्याचे खरे प्रेम मागे कोबीच्या पानावर साद घालत बसलेले असते आणि ते दिसण्याचे काही कारण नसते.

हत्ती आणि पतंग या दोघांच्या गंधापुढील दौर्बल्याचा फायदा माणसाने घेतला नसता तरच नवल. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नागवनाच्या, म्हणजे हत्तींच्या राखीव जंगलाच्या, रक्षकांना असे सांगितले आहे की त्यांनी हत्तींच्या मूत्राने व लिदीने आपला माणसाचा वास झाकावा, भल्लातकीच्या फांद्यांआड लपावे आणि पाच किंवा सात फितवणाऱ्या हत्तिणी बरोबर घेऊन रानहत्तींचा माग काढावा. भल्लातकी म्हणजे बिब्बा. दुसऱ्याच्या जमत आलेल्या कामात बिब्बा घालणे हा वाक्प्रचार मराठीत कोठून आला याची व्युत्पत्ती येथे सुचवण्याचा हेतू नाही, परंतु हत्तीच्या बाजूने पाहता इतका समर्पक बिब्बा इतिहासात दुसरा सापडणे कठीण.

पतंगांसाठी हेच काम आज कामगंध सापळा करतो. नळीच्या किंवा नरसाळ्याच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या सापळ्यात मादीच्या गंधाची रबरी गोळी, जिला शेतकरी ल्यूर म्हणतात, अडकवलेली असते. नर येतात, पिशवीत पडतात, आणि सकाळी त्यांची मोजदाद होते. महाराष्ट्रातील कपाशीच्या शेतांत गुलाबी बोंडअळीसाठी असे सापळे दर हंगामात लागतात आणि सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ ते दहा पतंग सापडले तर फवारणीचा निर्णय घ्यावा, असे कृषी विभागाच्या पत्रकांत छापलेले असते. या आकड्याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात, म्हणजे ज्याच्या आत कीड सोसावी आणि ज्याच्या पुढे सोसू नये अशी रेषा.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग भागात २००२ पासून कर्नाटकातून रानहत्ती येऊ लागले आहेत आणि तेथील केळी, माड व भात यांच्या दृष्टीने हत्तीही कीडच ठरतो, त्यामुळे रसायन जर तेच आहे तर सापळाही तोच का असू नये, असा प्रश्न तर्काला धरून आहे. गोळीचा आकार थोडा वाढवावा लागेल, नरसाळ्याचा बराच, आणि सकाळी पिशवी उघडून मोजदाद करणारा कर्मचारी नेमताना त्याच्या विम्याचा विचार करावा लागेल. आर्थिक नुकसानीची पातळी मात्र ठरवण्यासाठी कोणत्याही समितीची गरज पडणार नाही. बागायतदारांच्या मते ती एक आहे, आणि तीन दिवस वाट पाहण्याची अट त्यांना मान्य नाही.